ढाबळ रिकामी करताना

ताई : आठ महिने झाले. कळलं ना आता? मग बस जरा खाली.

भाऊ : आठ महिने हे रिपोर्ट तू मातीच्या पोत्यामागे दडवून ठेवलेस? दर वेळी विचारलं की "सर्दी आहे रे, भट्टीच्या धुराने ठसका लागतो रे." आणि मी खुळ्यासारखा मधाच्या बाटल्या आणून देतोय!

ताई : मध चांगला होता.

भाऊ : ताई, चेष्टा नको. काय लिहिलंय ते नीट वाचलंस ना? पिसांची भुकटी आणि विष्ठेची धूळ. फुप्फुसं आतून कडक होत चाललीत. जेवढी झाली तेवढी पुन्हा मऊ होत नाहीत. आणि तू रोज सकाळ-संध्याकाळ त्या ढाबळीत जाऊन बसतेस. एकतीस कबुतरांत!

ताई : तेहतीस. दोन पिल्लं झालीत.

भाऊ : वा. अभिनंदन.

ताई : अरे, वाचलंय मी. पाठ आहे. "पक्ष्यांशी संपर्क पूर्ण बंद करावा." डॉक्टर बिचारा भला माणूस. म्हणाला, बाई, छंद बदला. झाडं लावा.

भाऊ : मग त्यात काय चुकलं त्याचं?

ताई : छंद म्हणाला.

भाऊ : बरं बाई, छंद नाही. जे काय असेल ते. मी कबुतरवाल्याला बोलावलंय. खाली टेम्पोतून टोपल्या काढतोय तो.

ताई : मला न विचारता?

भाऊ : तू मला विचारून आजारी पडलीस?

ताई : हे बघ, ऐक. ती फळी दिसते? मातीची चाळीस कबुतरं करायचीत. थवा गच्चीवर उतरतोय, एकेक पक्षी वेगळा. तेवीस झालीत. सतरा राहिलीत. तेवढी होऊ दे, मग दे कुणालाही. वर्षभर फार तर.

भाऊ : वर्षभर! जिना चढून आलीस तेव्हा तीन वेळा थांबलीस तू. मोजलंय मी.

ताई : गुडघे दुखतात.

भाऊ : गुडघ्यांनी शिट्टी वाजत नाही ताई. तुझ्या छातीतून वाजत होती. आणि कबुतरंच करायचीत ना? कर की. हवे तेवढे फोटो काढून देतो. उडताना, बसताना, दाणे टिपताना. चांगला कॅमेरा आहे माझ्याकडे.

ताई : तुझ्या हॉलमध्ये ते कमळाचं पॅनल आहे ना, माझं?

भाऊ : आहे. छान आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो.

ताई : शिक्षण संपल्यावर आठ वर्षं मी तेच केलं. कमळं, मुखवटे, बासऱ्या. हॉटेलवाले म्हणतील ते. सगळं छान होतं. त्यातली एक वस्तू आज मला हातात घ्यावीशी वाटत नाही. मग एक दिवस या गच्चीवर कुणाचं तरी चुकलेलं कबुतर येऊन पडलं. पंख दुखावलेला. आठवडाभर मांडीवर घेऊन भरवलं त्याला. त्यानंतर मातीला हात लावला, आणि… जाऊ दे. नाही सांगता येणार.

भाऊ : सांग तरी.

ताई : हातांना माहीत होतं रे. मी डोळ्यांनी बघून नाही करत. पक्ष्याचं वजन कुठे बसतं, श्वास घेतला की छाती कुठे भरते, घाबरला की पोट कसं आत ओढतो, हे हातात असतं तोवरच मातीत उतरतं. चार दिवस गावाला गेले तरी पहिला पक्षी खोटा होतो. फोटोत वजन नसतं.

भाऊ : बाबाही अगदी असंच बोलायचे.

ताई : आता बाबांना मध्ये कशाला आणतोस? कबुतरं त्यांनी पाळली, मी पाळली. ते दम्याने गेले, मी अजून आहे.

भाऊ : दम्याने नाही गेले.

ताई : म्हणजे?

भाऊ : बस. तूच बस आता.

ताई : बोल ना!

भाऊ : तू बाहेरगावी कॉलेजात, दुसऱ्या वर्षाला होतीस. मी एकोणीस वर्षांचा. मोठ्या दवाखान्यात मीच घेऊन गेलो होतो त्यांना. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, घरात पक्षी आहेत का? बाबा म्हणाले, नाहीत. सरळ तोंडावर खोटं. मी बोललो, आहेत, चाळीस कबुतरं आहेत. तेव्हाच सांगितलं होतं त्यांनी. काढून टाका, नाहीतर हा माणूस जाईल.

ताई : मला कुणी कळवलं नाही.

भाऊ : येताना बसमध्ये त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, पोरीला कळवू नकोस, तिची परीक्षा आहे. आणि आईला सांग, दमा आहे. मी तसं सांगितलं. दोन वर्षं सांगत राहिलो. ढाबळीत पाणी मी भरायचो, दाणे मी टाकायचो, त्यांना जिना चढायला लागू नये म्हणून. मला वाटायचं, केवढं करतोय मी बाबांसाठी.

ताई : …म्हणजे त्यांना माहीत होतं. त्यांनी ठरवलं होतं.

भाऊ : ते तोंड नको करूस.

ताई : कसलं तोंड?

भाऊ : कौतुकाचं. मला माहीत होतं तू असंच घेशील, म्हणून इतकी वर्षं बोललो नाही. ठरवलं होतं! काय ठरवलं होतं गं? शेवटचे चार महिने त्यांना पलंगावरून उठता येत नव्हतं. कबुतरं वर, बाबा खाली. छताकडे डोळे लावून पडायचे आणि विचारायचे, आत्ता कोण उतरलं? लाल डोळ्यांचं का? मी म्हणायचो, हो. मला एकाचंही नाव माहीत नव्हतं. त्यांना कबुतरंही मिळाली नाहीत, ताई. दोन्ही गेलं.

ताई : तू मला तेव्हा बोलवायला हवं होतंस.

भाऊ : हवं होतं. एकदा ऐकलं मी. दुसऱ्यांदा नाही ऐकणार. तू मला आयुष्यभर शिव्या घाल, हरकत नाही. उद्या तुला ती माती मळता आली नाही, तर काय करशील? दहा किलोचा गोळा आहे तो. आत्ता मळून दाखव मला, मध्ये न थांबता.

ताई : आज नको.

भाऊ : काल मळलीस?

ताई : नाही.

भाऊ : कधीपासून?

ताई : दीड महिना झाला. खालच्या मजल्यावरचा माणूस येऊन मळून देतो.

कबुतरवाला : येऊ का आत? आलोच म्हणा. टोपल्या ढाबळीच्या दाराशी ठेवल्यात साहेब. बाई, नमस्कार. आपली पाखरं बघितली, एकदम तब्येतीत आहेत.

ताई : तुमच्याकडे जागा केवढी आहे?

कबुतरवाला : वरचा अख्खा मजला आहे. नव्वद पाखरं आहेत माझी. वारा खेळता आहे, मांजर चढत नाही.

ताई : सोडता त्यांना? उडायला?

कबुतरवाला : माझी सोडतो. तुमची नाही सोडता येणार, आधीच सांगतो. मोठी झालेली पाखरं घर विसरत नाहीत. सोडली की सरळ इथे येणार. त्यांना जाळीतच ठेवायचं. त्यांची पिल्लं होतील ती उडतील माझ्याकडे.

ताई : म्हणजे ही एकतीस जन्मभर जाळीत.

कबुतरवाला : हो. खोटं कशाला बोलू?

भाऊ : अहो, जरा बेताने सांगा.

ताई : नको, बरोबर सांगतायत ते. दोन ठेवू का? फक्त दोन. ती पांढरी, आणि तिचा नर.

भाऊ : ताई.

ताई : एक?

भाऊ : ताई!

कबुतरवाला : बाई, मी मध्ये बोलू नये. पण माझ्या काकांनीही एकच ठेवलं होतं. एकाची चार व्हायला किती वेळ लागतो? आज ते नाहीत. मी तोंडाला पट्टी बांधल्याशिवाय आत पाऊल टाकत नाही, बायकोने शपथ घातलीय. तुम्हाला बघावंसं वाटलं तर रस्त्यापलीकडून माझी जाळी स्पष्ट दिसते. या कधीही.

ताई : बघून काय करू मी?

कबुतरवाला : ते खरं.

ताई : घ्या. भरा टोपल्या. लवकर आटपा.

कबुतरवाला : तीच तर अडचण आहे. मघाशी आत हात घातला तर सगळी भिंतीवर आपटायला लागली. एकाचं पीस मोडलं. अनोळखी हाताला येत नाहीत. तुमचा हात लागेल, बाई.

ताई : थांबा, मी येते.

भाऊ : तू आत जायचं नाहीस.

ताई : मग काय, झोडपून काढणार का त्यांना?

भाऊ : मी जातो. तुमच्याकडे आणखी एक पट्टी आहे का हो?

ताई : तू? बाबा गेल्यापासून कबुतर खिडकीत बसलं तरी उठून जातोस तू.

भाऊ : जातो म्हटलं ना. तू दाराबाहेर, त्या टोकाला उभी राहा आणि सांग कसं धरायचं.

ताई : …आधी झडप ओढ. आत अंधार झाला की ती शांत होतात. ओढलीस? आता बोलत राहा. काहीही बोल, आवाज असू दे.

भाऊ : काय बोलू? ए, इकडे या. चला बाळांनो, गाडी आलीय.

ताई : वरून हात नको नेऊस, ससाणा वाटतो त्यांना. खालून ने. पोटाखालून. पाय दोन बोटांच्या मधे येऊ देत. आता अंगठा पाठीवर, पंखांच्या टोकांवर. दाबू नकोस. नुसता ठेव.

भाऊ : हं. हं… आलं. धरलं, ताई.

ताई : कोणतं आहे?

भाऊ : मला काय माहीत? पांढरं आहे.

ताई : तीच. हळू.

भाऊ : ताई, अगं… हे काहीच नाही गं हातात. किती हलकं आहे! आणि आत केवढं धडधडतंय. अख्ख्या हातात धडधडतंय.

ताई : हो.

भाऊ : इतक्याशा जिवात एवढं?

ताई : हो रे. तेच करतेय मी, तीस वर्षं.



कबुतरवाला : साहेब, द्या इकडे. साहेब? टोपलीत सोडायचंय ते.

भाऊ : हो. घ्या. जपून घ्या.

(टोपल्या खाली गेल्या आहेत. टेम्पो निघून गेला आहे.)

भाऊ : हात धुतले मी. दोनदा. उद्या माणसं बोलावतो, ढाबळ उतरवून फरशी घासून घेतील. तू दोन दिवस माझ्याकडे चल.

ताई : उद्या बघू.

भाऊ : ताई, रागावलीस?

ताई : बाबांचं सांगायला चाळीस वर्षं लावलीस, त्यासाठी रागावलेय. आजच्यासाठी नाही. आजच्यासाठी काय वाटतंय ते कळत नाहीये अजून.

भाऊ : रडलीस तरी चालेल.

ताई : रडले की खोकला येतो.

भाऊ : आणि ती चाळीस?

ताई : तेवीस.

भाऊ : चोविसावं करून बघ ना. माझ्या हातात अजून आहे ते. मी सांगतो तुला, कुठे भरतं, कुठे धडधडतं. तू कर.

ताई : वेडा आहेस. ते तुझ्या हातात आलं. तू सांगशील आणि मी करीन, ते पुन्हा हॉटेलच्या कमळासारखंच होईल.

भाऊ : मग काय करशील गं आता?

ताई : खरंच माहीत नाही. पहिल्यांदाच माहीत नाही.

भाऊ : मी काही करू? चहा टाकू?

ताई : चहा नंतर. आधी ती माती बघ, टेबलावरची. उघडी राहिलीय सकाळपासून. फडकं ओलं करून घाल तिच्यावर.

भाऊ : असं?

ताई : अजून भिजव. आणि वरून प्लास्टिक गुंडाळ. घट्ट, कुठून वारा लागता कामा नये. मला किती दिवस लागतील, सांगता येत नाही.