कडू पपनस

विमलाबाई : सकाळी सहाला तोडलं. भाऊजींच्या हद्दीतलं कडू पपनस. मी चहा टाकलेला. आवाज आला म्हणून बाहेर गेले, तर आडवं.

अंतरा : आत्या, तुझी झाडं फुललीत ना?

विमलाबाई : पांढरी झालीत नुसती. त्यांना काय होतंय? त्या कडूचं फळ तर गाय तोंडात धरत नाही.

अंतरा : फळाचं नाही गं, परागाचं बोलतेय. तुझी सगळी झाडं एकाच झाडाच्या फांद्यांपासून केलेल्या गुट्या ना?

विमलाबाई : सासऱ्यांनी बांधलेल्या.

अंतरा : म्हणजे वाडीभर एकच झाड उभं आहे. पपनसाच्या परागात जनुकाची एक खूण असते. तीच खूण फुलात असली, की फूल त्या परागाला अर्ध्या वाटेत थांबवतं. फळ धरत नाही.

विमलाबाई : एका गोत्रात सोयरीक नको, तसं.

अंतरा : तसंच. इतकी वर्षं तुझी वाडी धरली ती त्या कडूच्या परागावर. मधमाश्या आणायच्या.

विमलाबाई : लिंबाचा नसता चालला?

अंतरा : चालला असता. लिंबं कुठायत?

विमलाबाई : पावसाळ्यात भाऊजींच्या साकेतने भिंत घातली ना, त्यात गेली.

अंतरा : त्याच्या साखरपुड्यात तू काय बोललेलीस?

विमलाबाई : पुढच्या साली वाडी धरली नाही, तर जागा विकायला बिल्डरला सही देते म्हटलं. धरतेच की दर साली.

अंतरा : आणि मी त्याच पंगतीत हे सगळं साकेतला सांगितलेलं. खोदून खोदून विचारत होता. मला वाटलं, चला, घरात कुणीतरी ऐकतंय.

विमलाबाई : काहीतरीच. माझ्या हातचं जेवून मोठा झालाय तो.

अंतरा : आत्या, आत्ता जा. झाड पडलं तरी फुलं लगेच मरत नाहीत. पिशवीभर खूड, फ्रिजमध्ये ठेव. मी डोंबिवलीहून निघतेय. घोडबंदरला ट्रॅफिक लागेल, पण आजच हाताने पराग लावू.

विमलाबाई : थांब, फोन घेऊनच जाते. (थोड्या वेळाने) आहेत फांद्या. सगळ्या इथंच पडल्यात, पानं हिरवीगार.

अंतरा : मग खूड पटापट.

विमलाबाई : अंतरा, फूल नाहीये. कळीपण नाही.

अंतरा : खाली सांडली असतील.

विमलाबाई : खाली काही नाही. एकेक करून खुडलीत. देठ अजून ओले आहेत.