अमृतबळ्ळीच्या आड

नको गं, कात्री लावू नकोस, आज मंगळवार — वेलीला मंगळवारी तोडत नाहीत. तू पुण्याची, तुला कोण सांगणार? आदल्या संध्याकाळी मुळाशी अक्षता टाकायच्या, उद्या येते हं म्हणायचं, मग तोडायचं. तुझ्या खिडकीत शिरली, एसीला विळखा घातला — कबूल, प्रांजली, सगळं कबूल. तुझ्या बाजूची काढ सावकाश, माझ्या ग्रिलवरची मात्र राहू दे. साधी वेल नव्हे ही. तुम्ही गुळवेल म्हणता, इथे कानडीत अमृतबळ्ळी. बुडातून कापा — वरून दोरे सोडते खाली, मातीला टेकले की पुन्हा जगते! यशवंतपूरला आमच्या परसात कडुनिंबावर होती, मनगटाएवढी जाड. ताप आला की आई बोटभर कांडं ठेचायची, रात्रभर भिजवून सकाळी गाळून द्यायची — कडू जहर! नाक दाबून पाजायची. बाबांच्या सांध्यांना सुंठ घालून काढा. गल्लीतलं कुणीही यायचं, आजार सांगायचं, कांडं घेऊन जायचं —

आता? आता कोण पितंय! सुप्रीता, माझी सून गं, तिला डॉक्टरांनी सांगितलंय, मनानं घ्यायची नाही, लिव्हरला त्रास होतो. सरी, म्हटलं, बरं बाई. मीसुद्धा पीत नाही. मग ठेवलीय कशाला? अगं — सावलीला. शोभेला. पानं बघ ना, विड्याच्या पानासारखी —

कुठे बघत्येस? चादर आहे ती. चादरी धुतात माणसं. रोज म्हणजे? तुला काय ठाऊक रोज?

तुझ्या स्वयंपाकघरातून दिसते? कधीपासून? पावसाळ्यापासून! आणि बोलली नाहीस? अरे देवा. म्हणजे मी इथे एकेक फांदी तारेला बांधत बसले, समोरच्यांना दिसू नये, खालून दिसू नये — आणि तू चहा करता करता बघत होतीस.

स्वल्प हळू बोल. वेदिका आत अभ्यासाला बसलीय, नातीच्या कानावर जायला नको.

झोपेत कळतच नाही गं. जाग येते ती ओल्यात. मग घर उठायच्या आत चादर धुवायची, पिळायची — मनगटं दुखतात — आणि वेलीच्या आड दोरी बांधलीय तिच्यावर टाकायची. सुप्रीताला वाटतं, म्हातारीला सोवळ्याचं वेड लागलंय. वाटू दे. वेडी म्हटलेलं चालतं.

तिला सांगू कशी? वेदिका माझ्याच खोलीत झोपते. गोष्ट ऐकल्याशिवाय डोळा मिटत नाही तिचा — काल राक्षस अर्ध्या विहिरीत लटकत ठेवलाय, आज वर काढायचाय. माझ्या नणंदेला, पद्मावतीअक्काला, हेच झालं. घरात कळलं, तर नातवंडांच्या गाद्या हलल्या, अक्का मागच्या खोलीत रबरी चादरीवर. कुणी वाईट नव्हतं गं त्या घरात. फक्त सगळे तिच्याशी मोठ्यानं बोलायला लागले — पाळण्यातल्या बाळाशी बोलावं तसं. माझी वेदिका माझ्याशी तसं बोलायला लागली तर?

काढा? घेतला की! सुनेला सरी म्हटलं आणि चोरून घेतला, हिचाच, सुंठ घालून, न घालता. तोंड कडू झालं, चादर ओलीच. ज्या वेलीचे गुण गाते ना मी तुझ्यापुढे, तिच्यात याचं औषध नाही.

काय? गोळी असते? तुझ्या आजीला? थांबलं? अगदी? मला वाटलं हे म्हातारपणच, भोगायचं. तू नेशील मला डॉक्टरीणबाईंकडे? नको — नको बाई, त्या डॉक्टरीणबाईंना मी कुठल्या तोंडानं सांगू? तू सांगशील? मी बाहेर बाकावर बसते, तू आत जाऊन सांग, त्यांनी मला बोलावलं की मी येईन. पण हे असलं तुझ्यासारख्या पोरीनं माझ्यासाठी बोलायचं —

बेल वाजली. सुप्रीता. ऊठ, ऊठ — वेलीचं बोलत होतो आपण, कळलं? मला देवळात नेते म्हणून सांग तिला उद्या. चप्पल घाल, जा. आणि प्रांजली — माझ्याकडे अशी बघू नकोस. जा म्हटलं ना.