ह्यूस्टन ते लालबाग, सतरा तास

हसू नका, पण तेव्हापासून मी कुणालाच विमानाचे तास सांगत नाही.

आमच्या शेजारच्या सावंतकाकूंचा विजू ह्यूस्टनला होता. चार वर्षं घरी आला नव्हता. एका सकाळी काकूंनी विचारलं, "बाळू, ह्यूस्टनवरून यायला किती तास लागतात रे?"

मी मोबाइलवर बघितलं. "सरळ आलं तर सतरा. पण सरळ विमानच नाही काकू, मध्ये बदलावं लागतं."

"तो सरळच येतोय. काल रात्री अकराला निघालाय."

"फोन आला होता?"

"फोन कशाला हवा मेल्या? आई आहे मी."

मी बोटांवर मोजलं. दुपारचे चार.

बरोबर चारला काकू भाकरतुकडा घेऊन दारात उभ्या राहिल्या. लांबून आलेल्या माणसावरून ओवाळतात तसा रिकाम्या उंबऱ्यावर ओवाळला, बाहेर टाकला आणि म्हणाल्या, "ये विजू, आत ये."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मी उचलला. विजूचा मित्र रडत होता. "विजूचा अपघात झाला. जागीच गेला. तुमच्याकडे तेव्हा रात्रीचे अकरा वाजले असतील."

मी कशीबशी काकूंना हाक मारली. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. सतरा तास बसून आलाय, आत्ताच डोळा लागलाय त्याचा."