तीस यार्ड लांब

"पोरी, रांगेतलं बोलणं कानावर पडतं, पण ऐकायचं नसतं," असं इस्लाचे वडील म्हणत. आता स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या त्या गोल्फ मैदानात त्यांच्याच टपरीच्या खिडकीतून ती खेळ सुरू करायला रांगेत थांबलेल्या खेळाडूंची नावं पुकारायची. बाहेर दोन म्हातारे बाकावर होते.

"मर्डो, लांब फटक्याची काठी, ड्रायव्हर, घ्यावा तर असा! दुखण्यातून उठलो, तरी चेंडू तीस यार्ड लांब जातोय."

"तुझी जुनी काठीच बरी होती, फर्गस."

"जळतोस मेल्या! शनिवारच्या सामन्यात नाव दिलंय मी."

"जोडीला कोण?"

"नवा डॉक्टर."

"म्हणजे पुढे जाऊन चेंडू शोधायला मी नसणार."

"तो शोधेल की! त्यालाही डोळे आहेत."

इस्लानं त्या दोघांची नावं पुकारली. दोघंही उठले नाहीत.

"फर्गस, नाव काढून घे. तुझा चेंडू मी पायानं पुढे ढकलत होतो."