सातवा ग्लास

– थुंका, थुंका, लाजू नका, बादली त्यासाठीच ठेवलीय. सकाळपासून चार मळ्यांची वाइन चाखून आलात म्हणता, सगळं गिळलंत तर मोझेल नदीतच पडाल. काय म्हणालात? 'दगडाची चव लागते'? शी! कुणी पढवलं हो तुम्हाला? येणारा प्रत्येक जण ग्लासात नाक खुपसतो, डोळे मिटतो आणि हेच बरळतो – किळस येते मला. पाटीचा काळा दगड जिभेला कळायला त्या उतारावर गुडघे फोडून घ्यावे लागतात. दिसतोय ना खिडकीतून? दोर धरून उतरतो आम्ही. मला कळतो. चौदा वर्षं गावातल्या वाइनना नंबर देणाऱ्या चाखणी मंडळावर होते मी. बाटल्यांना कापड गुंडाळलेलं, नाव नाही, काही नाही – तरी सांगायचे, ही कुणाच्या मळ्यातली.

म्हणून तर ते... जाऊ दे. नाही, ऐकाच आता. एका वर्षी कोंब फुटल्यावर एप्रिलात हिम पडलं – एका पहाटेत सगळे कोंब काळे. आमचेही, शेजारच्या मेखटिल्डचेही. ती बाई शरदात जेमतेम चार टोपल्या द्राक्षं घेऊन खाली आली, आणि तेवढ्याचीच वाइन केली तिनं – आंबट, पातळ, पण त्या उताराचीच. आणि माझा नवरा? ऑटविन? त्यानं खालच्या सपाटीवरच्या मळ्यांतून टँकरभर स्वस्त द्राक्षरस आणला, मी बहिणीकडे गेले असताना, आणि लेबल लावलं आमच्या उताराचं! मला माहीत होतं का? – नव्हतं. शपथ घेऊन सांगते, नव्हतं. चाखणीच्या दिवशी कळलं. सातवा ग्लास. तोंडात घेतला आणि – गुळचट, बुळबुळीत, जिभेवरून साबण फिरवावा तशी. दगडाचा मागमूस नाही. पण पिंप आमचं, सासऱ्यांच्या वेळचं, तो वास मी झोपेतही ओळखीन. ऑटविन दाराशी उभा, टोपी हातात, माझ्याकडे बघत.

थुंकले मी. आणि त्यालाच पहिला नंबर दिला.

– काय करणार होते? सांगा ना, तुम्ही काय केलं असतंत? – बरं, तेवढ्यावर थांबले का? नाही. मेखटिल्डची ओळखली आणि ती लावली शेवटी – ती वर राहिली असती, तर आमच्या वाइनीत काय नाही ते कुणालाही कळलं असतं. कापडं काढली, तशी ती माझ्यापाशी आली. ओरडली नाही. म्हणाली, "इर्मट्राऊट, तुझी जीभ कधी चुकत नाही ना गं?" मी म्हणाले, "नाही." "बरं," म्हणाली. शेवटच्या नंबराची वाइन कोण घेणार? मार्चमध्ये वेली उपटल्या तिनं, बापानं लावलेल्या, एकटीनं. तीन आठवडे. मी इथूनच बघत होते, या खिडकीतून.

ऑटविनला जाऊन सहा वर्षं झाली. त्याचा राग नाही येत आता. या जिभेचा येतो. काहीही प्यायले तरी तोच साबण – तीच बुळबुळ –

काय? मेखटिल्ड कुठे राहते? समोर, ते हिरवं दार. रोज सकाळी मला हात करते. अजून. रोज. – नाही, नाही, तुम्ही तिकडे जायचं नाही! ऐकलंत? ग्लास ठेवा तो. आता ओतणार नाही मी. निघा – आणि दार ओढून घ्या.