आप्पांचा ठेका

परवा गंगापूर रोडच्या कॅफेत काय झालं, ऐका. तिथे मी जुनी इंग्रजी रॉक गाणी जॅझच्या ढंगात वाजवतो. नुसती गिटार; गाणं सोडाच, माइकवर बोलायचंही मी टाळतो. परवा आमचे आप्पा लासलगावहून पहिल्यांदाच ऐकायला आले. गावच्या भजनात ते पखवाज वाजवतात. दुसऱ्याच गाण्याला त्यांचे हात टेबलावर सुरू झाले. ठेका असा बसला की माझी गिटारच खुलली.

तेवढ्यात मॅनेजर धावला. "काका, हळू! लोक गिटार ऐकायला आलेत."

"बरं बाबा, ऱ्हायलं," म्हणत आप्पांनी ओशाळून हात मांडीवर घेतले.

मी वाजवणं थांबवलं आणि माइक ओढला. "टेबल वाजवत होते ते माझे वडील आहेत. आप्पा, इकडे या. टेबल घेऊनच या!"