ब्रेक शू नदीत फेकल्याबाबत

नाव ऑब्री हेथकोट, वय ७८, धंदा पूर्वी बस ड्रायव्हर, आता निवृत्त, राहणार चॅपल लेन, हार्टलो, डर्बीशायर. कॉन्स्टेबल ओडेल बाईंनी विचारल्यावरून, कोणाच्या दबावाशिवाय, समक्ष सांगतो की,

माझ्या लहानपणी वडील गिरणीतून सुटले की क्रोबँकचा उतार मोटारसायकलवरून उतरत. वळणाच्या अलीकडे ब्रेक दाबला की एक लांब, बारीक सूर यायचा, संध्याकाळच्या पाखरासारखा. तो ऐकून आई किटली चढवी. शाळेत आम्हांला पाखरांची एक कविता होती, ती मला अजून येते. कविता जबाबात घेता येत नाही, असे बाईंनी सांगितल्याने पुढे जातो.

आज रविवारी सकाळी नदीकाठच्या मैदानावर जुन्या मोटारसायकलींच्या सुट्या भागांचा बाजार होता. तेथे क्लाइव्ह रॅडबोर्न याच्या टेबलावरून मी ब्रेक शूंची, म्हणजे चाकाला आतून रोखणाऱ्या लोखंडी कमानींची, पेटी उचलली आणि पुलावर जाऊन नदीत फेकली. त्याची तक्रार या मुद्द्यापुरती खरी आहे. पेटी चोरलेली नाही. चोरणारा वस्तू घरी नेतो.

कारण असे की, नेव्हिल स्पेन्सली हा माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्याकडे चोपन्न सालची साडेतीनशे सीसीची मोटारसायकल आहे. तिच्या पुढच्या ब्रेकसाठी तो सबंध हिवाळा शू शोधत होता. नवे बनवलेले मिळतात, पण आम्हा लोकांना ते नको असतात. आम्हांला हवा असतो कारखाना चालू असतानाचा माल, कुठल्याशा बंद दुकानाच्या माळ्यावर राहिलेला, मेणकागदात गुंडाळलेला, कोणाचा हात न लागलेला. तसा कागद दिसला की आमचं भान सुटतं. मागच्या बाजारात नेव्हिलने रॅडबोर्नच्या टेबलावर तो कागद आधी नाकाला लावला, मग शू पाहिले.

ते आम्ही दोघांनी नेव्हिलच्या शेडमध्ये बसवले. ड्रमला आतून खडू फासला, चाक फिरवलं, शूवर जिथे खडू उमटला तिथे कानशीने घासलं. असं पुन्हा पुन्हा, सगळीकडे सारखा पांढरा येईपर्यंत. पुढची कड तिरकी केली. बसवण्यात काही चूक नव्हती. हे बाईंनी ठळक लिहावे.

नेव्हिल क्रोबँक उतरताना पुढच्या शूवरचं लायनर, म्हणजे ड्रमला घासणारं अस्तर, सुटलं. रिव्हेट नव्हते, नुसतं चिकटवलेलं होतं. आणि कागद कितीही जपला तरी आतला डिंक म्हातारा होतो. पत्र्यासारखं पूर्ण सालपट निघालं. नेव्हिल दगडी कुंपणावर गेला. खुबा मोडला आहे. मला म्हणाला, "ऑब्री, गाडीला फार लागलं का रे?" त्यावर मी काय उत्तर दिलं ते प्रकरणाशी संबंधित नाही.

ते सालपट घेऊन मी त्याच आठवड्यात रॅडबोर्नच्या घरी गेलो. तो दारातच म्हणाला, "तुझ्या दोस्ताला बसवता आलं नाही, राजा. माझा माल अस्सल आहे."

मी म्हटलं, "अस्सल आहे म्हणूनच त्याचा डिंक मेलाय. उरलेला विकू नकोस."

"बस चालवायचास ना? मग बसच चालव," असं म्हणून त्याने दार लावलं.

आज बाजारात तीच पेटी टेबलाच्या मधोमध, वर सुबक पाटी: 'कधीही न वापरलेले.' मी एक पुडी उघडली आणि त्याच्यासमोर लायनरच्या कडेला अंगठ्याचं नख घातलं. लायनर उचललं गेलं. नखाने! लोक बघत होते. तो हसून म्हणाला, "बाबाचं नख बघा, छिन्नी आहे छिन्नी!" लोक हसले. मला फार राग आला. अजूनही आहे, आणि तो जबाबात दिसला तरी माझी हरकत नाही.

पेटीत एक कागद रिकामा होता. मी विचारलं, "ही जोडी कोणाला दिलीस?" तो म्हणाला, "तुला काय करायचंय?" मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तो हसला नाही, पण सांगितलंही नाही. तेव्हा मी पेटी उचलली.

नदीत लोखंड टाकल्याचा वेगळा दंड होईल असे बाई म्हणाल्या. होऊ दे. माझी मागणी एवढीच आहे की रॅडबोर्नला दरडावून विचारावे, ती जोडी कोणाच्या चाकात आहे. बाजार उठल्यावर सगळ्या गाड्या फेरीला निघाल्या आहेत आणि परतीची वाट क्रोबँकवरूनच आहे. इथे बसून मी स्पेलिंगं सांगतोय आणि तिकडे कोणीतरी त्या उताराकडे येतंय. मी हे आल्याआल्याच सांगितलं होतं. आधी नाव, वय, पत्ता, असं मला सांगण्यात आलं.

वरील मजकूर बाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे, कविता सोडून.

सही करण्यापूर्वी माझ्या आग्रहावरून पुढील भाग जोडला आहे. मी पेन हातात घेतलं तेव्हा चौकीचं दार उघडून क्लाइव्ह रॅडबोर्न आत आला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. त्याने मुठीतलं सालपट टेबलावर ठेवलं. घरी राहिलेल्या एका शूला त्याने स्वतःच नख लावून पाहिलं होतं.

"गाडी पाठवा, बाई," तो म्हणाला. "क्रोबँकला. माझी पोरगी फेरीला गेलीय. ती जोडी मीच तिला बसवून दिली. फोन उचलत नाहीये."